फोटो ३०० डीपीआय ‘करणं’ आणि फोटो ३०० डीपीआयचा ‘असणं’

दिवाळी अंक आणि स्मरणिका यांची मांडणी मी बरीच वर्षं करते आहे. गणपती झाले की फोटो यायला लागतात आणि त्यांच्याबरोबर दरवर्षी एक निरोप येतो: “ताई, फोटो ३०० डीपीआय करून पाठवलाय.” तो वाचला की मी आधी धास्तावते. फोटोशॉप या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रिझोल्यूशनच्या, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल हे सांगणाऱ्या, रकान्यात ७२ खोडून ३०० लिहिलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एकीत फोटोच्या केसालाही धक्का लागत नाही, दुसरीत फोटो आतून बदलतो. कोणती होणार हे एक बारीकशी टिक ठरवते, आणि तिच्याकडे जवळपास कुणीच बघत नाही.

पिक्सेल तुम्हाला माहीत आहेत, ते उलगडून सांगत बसत नाही. ६००० × ४००० चा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख चौकोनी ठिपके, बस. डीपीआय की पीपीआय हा वादही मी घालत नाही. नेमकं बोलायचं तर फोटोचे पीपीआय (एका इंचातले पिक्सेल) आणि छपाईयंत्राचे डीपीआय (एका इंचातले शाईचे ठिपके). पण प्रेसमध्ये सगळे डीपीआयच म्हणतात, मीही म्हणते, आणि त्यापायी कुणाचा फोटो बिघडलेला मी पाहिलेला नाही. फाइल किती केबीची किंवा एमबीची आहे हा तर तिसराच विषय. जेपीईजी किती दाबून साठवलाय त्यावरही ते ठरतं.

आता ती टिक. फोटोशॉपच्या ‘इमेज साइज’ खिडकीत ‘रीसॅम्पल’ (म्हणजे पिक्सेलांची संख्या बदलून ते नव्याने भरणं) असं लिहिलेला एक छोटा चौकोन आहे. सहसा त्यात आधीपासूनच टिक असते.

ती टिक काढा आणि रिझोल्यूशनमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहा. पिक्सेल तेवढेच राहतात. बदलतात फक्त इंच: ६००० × ४००० चा फोटो ७२ ला साधारण ८३ × ५६ इंच दिसत होता, तो ३०० ला २० × १३.३ इंच दिसेल. कणकेचा गोळा तोच आहे, पोळी मोठी लाटली तर पातळ होते आणि लहान लाटली तर जाड. डीपीआय म्हणजे फाइलवर चिकटवलेली चिठ्ठी, ‘कागदावर एका इंचात एवढे पिक्सेल बसवा’ असं सांगणारी. चिठ्ठी बदलली म्हणून गोळा वाढत नाही. अशी ‘३०० केलेली’ फाइल माझ्याकडे आली तर माझं काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही.

टिक तशीच ठेवून ३०० लिहिलं तर सॉफ्टवेअर इंच कायम ठेवतं आणि पिक्सेल वाढवतं. ७२ लिहिलेला १०८० × १३५० चा फोटो ४५०० × ५६२५ चा होतो. आकडा बघून छाती फुगते, पण हिशोब करून बघा: पिक्सेल १७ पटींहून जास्त झाले. म्हणजे दर १७ पिक्सेलांमागे कॅमेऱ्याने पाहिलेला एक, आणि १६ सॉफ्टवेअरने शेजारपाजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले. त्यातून नवा तपशील येत नाही. चौकोन दिसेनासे होतात, फोटो ‘फाटत’ नाही, पण पुसट होतो.

पुसट होणं एक वेळ परवडलं. खरा घात पुढे आहे, आणि तो मी स्वतः सोसला आहे. एका शाळेच्या स्मरणिकेसाठी संस्थापक आजोबांचा फोटो आला. पान भरून छापायचा होता, सुमारे ७ इंच रुंद. मी मांडणी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. तिथे ‘लिंक्स’ पॅनेलमध्ये फोटोवर क्लिक केलं की दोन आकडे दिसतात, ‘अ‍ॅक्चुअल पीपीआय’ आणि ‘इफेक्टिव्ह पीपीआय’. पहिला म्हणजे ती चिठ्ठी, तो मी बघतही नाही. दुसरा म्हणजे पानावर ज्या मापात फोटो बसवलाय त्या मापात प्रत्यक्ष पडणारे पिक्सेल. तो २५० च्या खाली गेला की लाल खूण यावी अशी तपासणी मी लावून ठेवली आहे. आजोबांच्या फोटोला हा आकडा ६४३ आला. मी निर्धास्त पुढे गेले. छापून आलं तेव्हा आजोबांच्या मिशीचा एक सपाट करडा पट्टा झाला होता, चष्म्याची काडी कानापाशी विरून गेली होती.

मागून कळलं की मूळ फाइल १०८० पिक्सेल रुंद होती आणि पाठवणाऱ्या मुलाने ती टिकसकट ३०० ‘केली’ होती. ती त्याने जशीच्या तशी पाठवली असती तर १०८० भागिले ७, म्हणजे १५४ आकडा आला असता, लाल खूण दिसली असती आणि मी फोन करून दुसरा फोटो मागवला असता. किंवा तोच फोटो साडेतीन इंच रुंद, चौकटीत छापला असता आणि तो सुरेख आला असता. पिक्सेल फुगवल्याने फोटो सुधारला तर नाहीच, उलट फोटो तोकडा आहे हे सांगणारी एकमेव खूण पुसली गेली. टिकचा फरक मी इतक्या कळकळीने सांगते तो यासाठी. मुलाचा दोष मी मानत नाही. आमच्या पत्रकातच लिहिलं होतं, ‘फोटो ३०० डीपीआयमध्ये पाठवावेत’. त्याने ते इमानाने केलं.

उलट दिशेची चूक याहून वाईट. ‘वेबसाठी ७२’ हे कुठेतरी वाचून लोक ६००० × ४००० च्या, ३०० लिहिलेल्या फाइलमध्ये टिक ठेवून ७२ लिहितात. फोटो १४४० × ९६० चा होतो. शंभरातले ९४ पिक्सेल गेले. त्यावरच ‘सेव्ह’ दाबलं आणि मूळ प्रत दुसरीकडे नसली, तर ते परत आणायचा मार्ग नाही. फुगवलेला फोटो निदान पुन्हा लहान करता येतो.

हा ७२ आला कुठून? १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर एका इंचात ७२ पिक्सेल होते. त्या पडद्याचा काळ केव्हाच मागे पडला, आकडा मात्र राहिला. कॅमेऱ्याच्या फाइलीत दिसणारा ७२ देखील बहुतेक वेळा निरर्थक असतो: एक्झिफच्या (कॅमेरा फोटोच्या फाइलीत जी माहिती लिहितो तिच्या) नियमाप्रमाणे रिझोल्यूशन ठरलेलं नसेल तर ७२ लिहायचं असतं. ब्राउझर ही चिठ्ठी वाचतच नाही. एकाच फोटोच्या दोन प्रती करा, टिक काढून एकीवर ७२ आणि दुसरीवर ३०० लिहा, आणि दोन्ही ब्राउझरमध्ये उघडा. तसूभरही फरक दिसणार नाही. तेव्हा ‘फोटो ७२ चाच आहे, छापायला चालणार नाही’ म्हणून चांगला फोटो नाकारणं कृपा करून थांबवा. पिक्सेल बघा, छापायच्या इंचांनी भागा, मग बोला.

आणि ३०० हाही काही दगडावर कोरलेला आकडा नाही. ऑफसेट छपाईत फोटो बारीक ठिपक्यांच्या रेघांनी छापतात, एका इंचात किती रेघा ते म्हणजे स्क्रीन; चांगल्या कागदाला साधारण १५० रेघांचा स्क्रीन लावतात, त्याच्या दुप्पट म्हणून ३००. वर्तमानपत्राच्या कागदाला स्क्रीन जाड असतो, तिथे २०० पुरतात. हातात धरलेलं पान आपण दहा-बारा इंचांवरून वाचतो. चौकातला फ्लेक्स दहा फुटांवरून बघितला तर डोळ्याला इंचात तीसेक पिक्सेलांपलीकडचं दिसतच नाही. दहा फुटी फ्लेक्सला ३०० मागणारा माणूस संगणकाला विनाकारण राबवतो आहे.

क्रॉपमध्येही हा सापळा दडलेला आहे. क्रॉप टूलच्या वरच्या पट्टीत रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन तिन्ही भरलेलं असेल तर फोटो कापताना सॉफ्टवेअर गुपचूप रीसॅम्पलही करतं. मी तिथे कायम ‘रेशो’, म्हणजे फक्त रुंदी-उंचीचं प्रमाण, ठेवते. गिम्प या मोफत फोटो-सॉफ्टवेअरमध्ये हा घोळच नाही. तिथे ‘स्केल इमेज’ आणि ‘प्रिंट साइज’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत: पहिली पिक्सेल बदलते, दुसरी फक्त चिठ्ठी. माझ्या मते हेच बरोबर आहे, आणि नवशिक्याने आधी गिम्पमध्ये हे बघून मग फोटोशॉपकडे जावं.

फोटो मोठा करायचाच नाही असं मी म्हणत नाही. दीडपटीपर्यंत, सगळं एडिटिंग संपल्यावर, एकदाच, मांडणी करणाऱ्याला सांगून केलेलं चालतं. फोटोशॉपसोबत येणाऱ्या कॅमेरा रॉमधलं, फोटो मोठा करणारं ‘सुपर रिझोल्यूशन’ निसर्गदृश्यांना छान काम देतं. पण कृत्रिम बुद्धिमत्तेने जुन्या माणसांचे चेहरे ‘स्वच्छ’ करून मला पाठवू नका. ती पापण्या आणि दात स्वतःच्या मनाने काढते, आणि घरच्यांना तो माणूस ओळखू येत नाही.

डीपीआयचा आकडा खरोखर पिक्सेल आणून देतो तो स्कॅनरवर. तिथे ६०० लिहिलं तर यंत्र कागदाच्या प्रत्येक इंचातून ६०० पिक्सेल वाचून आणतं. आजोबांची मूळ प्रत शाळेच्या कपाटात होती, साडेतीन बाय साडेपाच इंचांची, कडा पिवळ्या पडलेली. पुढच्या वर्षी ती ६०० ला स्कॅन करून घेतली. २१०० × ३३०० पिक्सेल मिळाले, म्हणजे ७ इंच रुंदीला थेट ३००, आणि सगळे खरे. मिशीचा केस न् केस सुटा दिसतो.

आमच्या पत्रकातलं ते वाक्य मी आता बदललं आहे. सध्या तिथे असं आहे: ‘फोटोची मूळ फाइल, काहीही न करता, ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. अर्ध्या पानाच्या फोटोसाठी लांब बाजू किमान १८०० पिक्सेल, पूर्ण पानासाठी ३५००. कमी असल्यास वाढवू नये, तसं कळवावं. जुना फोटो मोबाइलने न टिपता ६०० डीपीआयला स्कॅन करावा.’