पाच पैलवान आणि अडीच सेकंद

१३ फेब्रुवारी २०२२. लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवुडमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं, म्हणजे सुपर बोलचं, शेवटचं मिनिट चालू आहे. सिनसिनाटी बेंगल्स २०-२३ असे मागे. चार प्रयत्नांतला शेवटचा प्रयत्न, आणि हवं आहे फक्त एक यार्ड. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जो बरो चेंडू घेऊन मागे सरकतो. लांब मैदानात त्याचा कॉलेजपासूनचा जोडीदार जमार चेस मोकळा सुटला आहे, कारण त्याच्यावर नेमलेला बचावपटू घसरून पडलाय. चेंडू तिकडे गेला असता तर बहुधा करंडक सिनसिनाटीला गेला असता. पण तोवर समोरच्या लॉस एंजेलिस रॅम्सचा ॲरन डोनाल्ड मधल्या फळीतून आत घुसला होता. त्याने बरोला धरून गरकन फिरवलं, बरोने पडता पडता चेंडू भिरकावला आणि तो कुणाच्याच हाती लागला नाही.

आणखी अर्धा सेकंद मिळता तर! सिनसिनाटीत हे वाक्य त्यानंतर किती वेळा उच्चारलं गेलं असेल, देव जाणे.

हा अमेरिकन फुटबॉल. पायाने खेळायचा तो नव्हे. हातात चेंडू असतानाच क्वार्टरबॅकला आडवं केलं की त्याला सॅक म्हणतात. त्या अंतिम सामन्यात बरो ७ वेळा सॅक झाला. तीन आठवडे आधी टेनेसी टायटन्सविरुद्ध तर ९ वेळा (तरी बेंगल्स १९-१६ जिंकले, हा एक चमत्कारच). अख्ख्या हंगामाची बेरीज ७०. त्याच्या आदल्या, म्हणजे पहिल्याच हंगामात १० सामन्यांत ३२ सॅक खाऊन तो डावा गुडघा मोडून घरी बसला होता.

मी सुरुवातीला हा खेळ बघायचो तेव्हा साहजिकच चेंडूकडे बघायचो. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने एकदा वैतागून सांगितलं, "चेंडू सोड. पहिली दोन सेकंदं फक्त मधल्या पाच जाड्यांकडे बघ." तेव्हापासून खेळच बदलला.

हे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. मधोमध सेंटर, तोच चेंडू दोन पायांमधून मागे देतो. ही क्रिया म्हणजे स्नॅप. त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडांना दोन टॅकल. प्रत्येकी साधारण १४० किलो, उंची सव्वासहा-साडेसहा फूट. हे सहसा चेंडू झेलत नाहीत, गुण करत नाहीत, त्यांचं नाव समालोचक घेतो ते बहुतेक वेळा चूक झाल्यावरच. काम एकच: क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापुरता अडीच-पावणेतीन सेकंदांचा अवकाश मिळवून द्यायचा. समोरच्या, बचाव करणाऱ्या संघातल्या धडकणाऱ्यांना कुणी अडवलंच नाही, तर ते दोन सेकंदांच्या आत त्याच्या छातीवर असतात.

मग एवढा पैसा, एवढे प्रशिक्षक, खेळाडू हेरणाऱ्यांची एवढी फौज असूनही काही संघांची ही लाइन वर्षानुवर्षं गळकी का राहते? क्रीडारसिकांचं उत्तर तयार असतं: पाचही जण भंगार आहेत, बदला. मला ते पुरेसं वाटत नाही. बिघाड पुष्कळदा कुठल्या एका माणसात नसतो. तो दोन माणसांच्या मधल्या जागेत असतो.

पण आधी एकेकट्या माणसाचं भौतिकशास्त्र बघू, कारण तिथेच हे काम किती अन्यायाचं आहे ते कळतं. आखाड्यात वस्ताद "खाली राहा, खाली राहा" असं ओरडत असतो, तेच इथेही लागू. धडकणारा वाकून येतो आणि समोरच्याच्या काखेखाली, छातीत हात घालून वर रेटतो. हे 'वर' फार महत्त्वाचं. जमिनीवर पाय रोवून धरतं ते घर्षण, आणि घर्षण ठरतं पाय जमीन किती जोराने दाबतात यावर. समजा, अडवणारा १४० किलोचा आहे आणि धडकणाऱ्याने ३० किलोच्या भाराइतका जोर वरच्या दिशेने लावला. अडवणाऱ्याच्या बुटांना आता ११० किलोच्या माणसाचीच पकड उरते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तोच ३० किलोचा भार उलटून धडकणाऱ्याच्या पायांवर येतो, म्हणजे १२० किलोचा गडी मातीला १५० किलोच्या माणसासारखा चिकटतो. एका झटक्यात वजनदार माणूस हलका आणि हलका माणूस वजनदार! क्षणभर जरी गुडघे सरळ झाले, पाठ ताठ झाली, की १४० किलोंचा काही उपयोग नाही. टीव्हीवर एखादा अजस्र टॅकल स्केट्स घातल्यासारखा मागे घसरत जाताना दिसतो ना, तो अशक्त नसतो. तो उभा राहिलेला असतो.

शिवाय धडकणारा पुढे धावतोय, अडवणारा मागे सरकतोय. धडकणाऱ्याला माहीत आहे की तो बाहेरून वळसा घालणार की आत गिरकी मारणार. अडवणाऱ्याने दोन्ही वाटा राखायच्या, पाय एकमेकांवरून न टाकता. बाहेर जास्त झुकला तर आतली वाट मोकळी. हात लांब करून उघड्या तळव्यांनी ढकलायची मुभा १९७८ च्या नियमाने मिळाली, पण पकडून ठेवलं तर १० यार्डांचा दंड.

याची उलट बाजू २२ जानेवारी २०२३ ला बफेलोत दिसली. बेंगल्सचे तीन मूळ लाइनमन जखमी, त्यांच्या जागी तिन्ही राखीव, समोर तगडा बफेलो बिल्स. सगळ्यांनी हात टेकले होते. पण बर्फ पडत होता, आणि निसरड्यावर गिरकी घेणाऱ्याचे पाय आधी सुटतात. बरो निवांत उभा राहून चेंडू फेकत राहिला. बेंगल्स २७-१० जिंकले. सगळं श्रेय बर्फाला द्यायला नको, पण थोडं नक्कीच.

आता पाच जणांचं गणित. प्रत्येक जण १०० पैकी ९५ वेळा आपला माणूस अडवतो असं धरा. परीक्षेत ९५ टक्के म्हणजे पेढे वाटायची वेळ. पण पाचही जण एकाच वेळी यशस्वी व्हायला हवेत, म्हणून ०.९५ ला पाचदा गुणायचं. उत्तर येतं ०.७७, म्हणजे दर चार-पाच प्रयत्नांत एकदा कुठून तरी कुणी तरी आत. अर्थतज्ज्ञ मायकल क्रेमर यांनी १९९३ मध्ये अशाच गुणाकारावर 'ओ-रिंग' सिद्धान्त मांडला. १९८६ मध्ये एका रबरी कड्याने दगा दिल्यामुळे चॅलेंजर यानाचा घात झाला, त्यावरून हे नाव. (२०१९ चं नोबेल क्रेमर यांनी एस्थर दुफ्लो आणि आपल्या मुंबईत जन्मलेल्या अभिजित बॅनर्जींबरोबर वाटून घेतलं, पण ते वेगळ्या कामासाठी.)

हा सिद्धान्त इथे लावायला बसलो तेव्हा गणिताने आधी माझी जरा निराशाच केली. चार जण ९५ टक्क्यांचे आणि पाचवा ७५ टक्क्यांचा कच्चा घेतला, तर गुणाकार ०.६१. उलट पाचही जण सरासरी ९१ टक्क्यांचे घेतले, तर ०.६२. फरक नगण्य! म्हणजे एका कच्च्या खेळाडूचं एवढं भय कशाला?

भय अशासाठी, की समोर फासे नसून डोकं चालवणारा प्रतिस्पर्धी आहे. रबराचं कडं थंडीने कडक झालं, तरी थंडी मुद्दाम कच्चं कडं शोधत नव्हती. बचाव करणारा संघ शोधतो. आपला सर्वांत खतरनाक गडी तो तुमच्या ७५ टक्केवाल्यासमोर आणून उभा करतो. कबड्डीत चढाई करणारा साखळीतला नवखा पोरगा बरोबर हेरतो, तसंच. मग तुम्ही कच्च्या गड्याच्या मदतीला दुसरा माणूस देता. तो चेंडू झेलायला पळणाऱ्यांपैकी असेल, तर तेवढा एक पर्याय कमी झाला. क्वार्टरबॅक मोकळा साथीदार शोधत चेंडू आणखी जरा धरून ठेवतो, लाइनला आणखी अर्धा सेकंद तग धरावा लागतो, आणि ९५ टक्केवालेही गळायला लागतात.

म्हणूनच एकट्या हिऱ्याने रत्नहार बनत नाही. क्लीव्हलँड ब्राऊन्सचा जो थॉमस डाव्या टॅकलच्या जागी २००७ ते २०१७ या काळात सलग १०,३६३ स्नॅप खेळला, एकही न चुकवता. पुढे त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. त्या अकरा हंगामांत ब्राऊन्स एकदाही बाद फेरीत पोचले नाहीत. २०१७ मध्ये तर सोळाच्या सोळा सामने हरले.

आता त्या मधल्या जागेकडे येऊ. बचावातले दोघे पळता पळता एकमेकांना छेदून जातात: बाहेरचा आत, आतला बाहेर. याला स्टंट म्हणतात. गार्ड आणि टॅकल दोघेही आपापल्या माणसामागे गेले, तर एकमेकांवर आदळणार. त्यांनी माणसं बदलून घ्यायला हवीत, तेही बोलायला वेळ नसताना. शेजाऱ्याच्या खांद्याचा कोन बघून, तो किती मागे गेलाय हे जाणवून, "हा तुझा, तो माझा" असा निर्णय अर्ध्या सेकंदात दोघांचा एकच व्हावा लागतो. बँडपथकात ढोल आणि ताशा एकमेकांचं ऐकून वाजवतात, तसं. हे कुणाच्या अंगात एकट्याने येत नाही. ते जोडीत येतं आणि जोडी मोडली की जातं.

बेंगल्सने २०२२ च्या उन्हाळ्याआधी नेमका खर्च केला: नवा सेंटर, नवा उजवा गार्ड, नवा उजवा टॅकल. कागदावर दुरुस्ती चोख. सप्टेंबरमधल्या पहिल्या सामन्यात बरो ७ वेळा सॅक, दुसऱ्यात ६ वेळा. शहरात बोंबाबोंब. मग हळूहळू ताल जमला, संघ १२ सामने जिंकला. आणि जमलेला ताल डिसेंबर-जानेवारीत तीन दुखापतींनी पुन्हा मोडला.

ताल बिघडवायला आवाजही पुरतो. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानावर २०१४ मध्ये प्रेक्षकांच्या गजराची १४२.२ डेसिबल अशी विक्रमी नोंद झाली. घरच्या मैदानावर लाइनला क्वार्टरबॅकचा पुकारा ऐकू येतो, ठरलेल्या शब्दावर पाचही जण एकदम सुटतात. बचावाला मात्र चेंडू हललेला दिसल्यावरच पुढे घुसता येतं. हीच काय ती लाइनला मिळणारी एकमेव सवलत. परक्या मैदानात गोंगाटाने ती जाते. कडेचा टॅकल तिरक्या नजरेने चेंडू बघत बसतो. डोळ्यांनी बघून हलायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात एक पाऊल हुकतं.

हे सगळं सरावाने सुधारतं, पण सराव करायचा कधी? २०११ च्या करारानंतर हंगामात अंगावर पूर्ण पॅड चढवून फक्त १४ सराव करता येतात. खेळाडूंच्या मेंदूच्या आणि सांध्यांच्या दृष्टीने हा नियम योग्यच, माझा त्याला पाठिंबा आहे. पण धडक घेण्याची कला धडक न घेता शिकायची म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणं. त्यात कॉलेजातले बरेच संघ आता झटपट चेंडू फेकण्याचा खेळ खेळतात, तिथून येणाऱ्या पोरांना तीन सेकंद तग धरायची सवयच नसते. आणि पगाराला सगळ्या संघाची मिळून मर्यादा आहे (२०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलर). क्वार्टरबॅकला त्यातला घसघशीत वाटा दिला की त्याला सांभाळणाऱ्यांसाठी उरेल ते.

नशीबही लागतंच. २००२ मध्ये नव्याने जन्मलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने इतर संघांतून खेळाडू निवडताना सर्वांत आधी टोनी बोसेली हा नामांकित डावा टॅकल घेतला. खांद्याच्या दुखापतीमुळे तो त्यांच्याकडून एकही सामना खेळला नाही. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक डेव्हिड कार त्या हंगामात ७६ वेळा सॅक झाला. तो विक्रम आजही कुणाला नको आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला मायामीचा डॅन मरिनो: १९८८ मध्ये सहाशेहून जास्त वेळा चेंडू फेकला आणि सॅक फक्त ६. लाइन चांगली होतीच, पण मरिनोच्या हातात चेंडू टिकतच नव्हता. सॅकचं खापर फोडताना हे विसरलं जातं. बरोसारखा खेळाडू मोठ्या फेकीसाठी थांबतो, ती लागली की स्टेडियम डोक्यावर घेतं, न लागली की लाइनला शिव्या. हल्ली खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपमुळे अडीच सेकंद कोण टिकला, कोण नाही, हे वेगळं मोजता येतं. तेव्हा कुठे या पाच जणांना थोडा न्याय मिळायला लागलाय.

कॅन्सस सिटी चीफ्सची कहाणी तर उघड प्रयोगासारखी आहे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही टॅकल जखमी, म्हणून उजवीकडचा डावीकडे आणि गार्ड टॅकलच्या जागी हलवला. पॅट्रिक माहोम्स जीव मुठीत धरून पळत राहिला आणि चीफ्स ९-३१ हरले. पुढच्या हंगामाला पाचही जागांवर नवे चेहरे आले. त्यातले मधले तिघे, थ्यूनी, हंफ्री आणि स्मिथ, खांद्याला खांदा लावून खेळत राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये समोर फिलाडेल्फिया ईगल्स होते, त्या हंगामात ७० सॅक केलेले. अंतिम सामन्यात त्यांना एकही सॅक मिळाला नाही.

दोन वर्षांनी, ९ फेब्रुवारी २०२५ ला, पुन्हा तेच दोन संघ. या वेळी डावा टॅकल सापडत नव्हता, म्हणून थ्यूनीला गार्डच्या जागेवरून तिथे सरकवलं होतं आणि गार्डच्या जागी राखीव खेळाडू उभा होता. एक भोक बुजवताना दोन जागा बदलल्या. ईगल्सने नेहमीच्या चौघांच्या जोडीला एकही जादा माणूस पाठवला नाही. त्यांना गरजच पडली नाही. माहोम्स ६ वेळा आडवा झाला.