अनुकूलनशील सामाजिक संरक्षण

अनुकूलनशील सामाजिक संरक्षण : विकसनशील देशांतील गरीब कुटुंबांना मिळणारे नियमित सामाजिक साहाय्य, आपत्तीचा धोका कमी करण्याचे उपाय आणि हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे प्रयत्न या तीन निरनिराळ्या खात्यांत चालणाऱ्या कामांची एकत्र आखणी करणारी धोरणपद्धती. रोख साहाय्य, वृद्धांचे निवृत्तिवेतन, रोजगाराची कामे, शालेय आहार, स्वस्त धान्य, पीकविमा व पशुविमा ही तिची साधने जुनीच आहेत. नवेपणा आहे तो त्यांच्या वेळेत आणि हेतूत. दुष्काळ, पूर वा चक्रीवादळ येण्यापूर्वीच मदतीची वाट आखून ठेवायची आणि मधल्या बऱ्या वर्षांत कुटुंबाची उपजीविका बदलत्या पाऊसमानात तग धरील अशी करायची, हा तिचा गाभा.

या जोडणीमागील आर्थिक विचार साधा आहे. पीक बुडाले की गरीब कुटुंब आधी जेवण कमी करते, मग शेळ्या-मेंढ्या विकते, मग बैल. मुले शाळेतून काढली जातात आणि शेवटी जमीन गहाण पडते. सगळा मुलूख एकाच वेळी जनावरे बाजारात आणत असल्याने भाव कोसळतात आणि चाऱ्याअभावी जनावर जगवणेही परवडत नाही. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला तरी नांगराला बैल नसतो. मदत उशिरा पोहोचली तर जीव वाचतात, पण उपजीविका गेलेली असते. दुसरे नुकसान दुष्काळ न पडताही होते. मदतीची खात्री नसलेला शेतकरी कमी उत्पन्नाचे पण हमखास येणारे पीक घेतो, खतावर पैसा घालत नाही, कर्ज टाळतो. त्यामुळे मदतीच्या रकमेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व ती नक्की मिळणार या भरवशाला आहे.

उगमाविषयी मतभेद आढळतात. ‘अनुकूलनशील सामाजिक संरक्षण’ हे नाव इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या आवारातील विकास अभ्यास संस्थेत साधारणपणे २००८–०९ च्या सुमारास रूढ झाले, याविषयी फारसा वाद नाही. त्याआधी तेथीलच स्टीफन डेव्हरॉ आणि रेचेल सबेट्स-व्हीलर यांनी २००४ मध्ये सामाजिक संरक्षणाची चार कार्ये मांडली होती : आधार देणे, हानी टाळणे, उपजीविका वाढवणे आणि दुर्बलतेची सामाजिक कारणे बदलणे. यांपैकी पहिली तीन भारतीय अर्थतज्ज्ञ एस. गुहन यांच्या १९९४ मधील मांडणीत आधीच आढळतात. चौथे मात्र नवे होते. जागतिक बँकेने २००० च्या आसपास ‘सामाजिक जोखीम व्यवस्थापन’ अशी समांतर चौकट पुढे आणली होती. मार्च २०११ मध्ये अदिस अबाबा येथे भरलेल्या कार्यशाळेत या धारा एकत्र आल्या आणि २०१४ मध्ये बुर्किना फासो, चाड, माली, मॉरिटेनिया, नायजर व सेनेगल या, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातील सहा देशांसाठी बँकेने याच नावाचा कार्यक्रम सुरू केला. पाश्चात्त्य लेखनात संकल्पनेचा इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो.

दुसरे मत हा इतिहास बराच मागे नेते. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून हिंदुस्थानातील प्रांतांच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. धान्याची भाववाढ, लोकांचे स्थलांतर, गुन्ह्यांत वाढ ही संकटाची पूर्वचिन्हे त्यांत नोंदलेली होती. चाचणी म्हणून कामे काढून अल्प मजुरीवर किती लोक येतात हे पाहायचे आणि त्यावरून पुढील पायरी ठरवायची, अशी रीत होती. पूर्वनियोजित निकष आणि निकषाला बांधलेली मदत ही आजच्या पद्धतीची दोन्ही अंगे येथे दिसतात. परंतु कमीत कमी खर्चात मृत्यू रोखणे एवढाच संहितांचा हेतू होता. मजुरी तुटपुंजी असे आणि मदतीवर कोणाचा हक्क नसे. म्हणून त्यांना थेट पूर्वज म्हणणे ताणल्यासारखे होईल. महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेचा दावा अधिक भक्कम वाटतो. १९७०–७३ च्या अवर्षणात राज्यात काढलेल्या दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख मजूर होते. अन्नाची मोठी तूट असूनही मोठी प्राणहानी टळली, ती प्रामुख्याने या मजुरीमुळे, असे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी दाखवून दिले आहे. याच काळात आकार घेतलेल्या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्यात कामाचा हक्क होता, व्यवसाय करातून बांधलेला निधी होता आणि कामे बहुतांशी मृद व जलसंधारणाची होती. ‘हवामान बदल’ हा शब्द तिच्या कागदपत्रांत नसला, तरी नियमित साहाय्य, आपत्तीत आपोआप होणारा विस्तार आणि कोरडवाहू जमिनीची सुधारणा या तिन्ही गोष्टी तिने एकत्र बांधल्या होत्या. नाव २००८–०९ चे आणि आशय त्याहून जुना, असे मानणे अधिक युक्त ठरते.

व्याख्येविषयीचा मतभेद वरवर शाब्दिक भासला, तरी परिणामाने मोठा आहे. जागतिक बँकेच्या मांडणीत केंद्रस्थानी ‘आघात’ आहे : कुटुंबाने आघातासाठी सज्ज असावे, तो सोसावा आणि पुढे जुळवून घ्यावे. काही अभ्यासक तर ‘आघात-प्रतिसादी’ एवढाच शब्द वापरतात. ससेक्सच्या मूळ मांडणीत दीर्घकालीन बदल आणि दुर्बलतेची मुळे यांवर भर होता. समुद्राचे पाणी शेतात शिरून जमीन क्षारपड होणे, पावसाळ्याची सुरुवात दर दशकात मागे सरकणे, भूजल खोल जाणे यांना आघात म्हणता येत नाही. त्यांना प्रारंभाची तारीख नसते. केवळ आघातावर बेतलेली योजना असे बदल टिपू शकत नाही आणि दर दुष्काळानंतर कुटुंबाला त्याच डळमळीत उपजीविकेवर परत उभे करते. या कारणाने व्यापक व्याख्या ग्राह्य धरणे योग्य दिसते. अंदाजपत्रकात मात्र बहुतेक देशांनी संकुचित व्याख्याच स्वीकारलेली दिसते, कारण आघाताचा खर्च मोजता येतो.

सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण इथिओपियाचे. तेथे १९८४ च्या दुष्काळानंतर दोन दशके दरवर्षी आंतरराष्ट्रीय मदतीची याचना करावी लागे आणि अन्न पोहोचेपर्यंत जनावरे विकली गेलेली असत. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘उत्पादक सुरक्षाजाळे’ कार्यक्रमाने सुमारे ५० लाख, पुढे ७० लाखांहून अधिक लोकांना वर्षातील टंचाईच्या सहा महिन्यांसाठी रोख वा धान्य ठरलेल्या वेळी देण्याचे ठरवले. काम करू शकणाऱ्यांनी बांधबंदिस्ती, पायऱ्यांची शेते, पाणलोट, रस्ते यांवर काम करायचे. वृद्ध, आजारी, अपंग आणि गरोदर स्त्रियांना कामाविना साहाय्य. पाच वर्षे भाग घेतलेल्या कुटुंबांचा अन्नटंचाईचा काळ वर्षाला महिन्याहून थोडा अधिक घटला, असे एका मूल्यमापनात आढळले. आकडा लहान दिसेल, परंतु वर्षाचे तीन-तीन महिने अपुऱ्या अन्नावर काढणाऱ्या घरात तो लहान नव्हे. २०११ मध्ये आफ्रिकेच्या शिंगावर, म्हणजे त्या खंडाच्या ईशान्य टोकाच्या प्रदेशात, तीव्र अवर्षण आले, तेव्हा राखीव जोखीम निधीतून सुमारे ६५ लाख जुन्या लाभार्थ्यांचे साहाय्य लांबवण्यात आले आणि ३१ लाख नवे लोक सामावून घेतले गेले. यंत्रणा, याद्या आणि पैसे वाटण्याची व्यवस्था आधीपासून असल्यामुळेच हे जमले. टिग्रे प्रांतात २००९ पासून विम्याचा हप्ता पैशाऐवजी श्रमाने भरण्याचा प्रयोगही झाला. शेतकरी काही दिवस जादा काम करी आणि त्या मोबदल्यात पर्जन्यविम्याचे संरक्षण मिळवी.

मदत केव्हा सुरू करायची, हा पुढचा आणि सर्वांत तांत्रिक प्रश्न. निर्णय मंत्रालयावर सोडला तर उशीर होतो आणि राजकारण शिरते. म्हणून आधी ठरवलेला निर्देशांक विशिष्ट पातळीला पोहोचताच पैसे सुटावेत, अशी व्यवस्था केली जाते. केन्याच्या उत्तरेकडील तुर्काना, मार्साबिट, वाजीर व मंडेरा या शुष्क जिल्ह्यांत उपग्रहाने मोजलेली वनस्पतींची स्थिती हा निर्देशांक धरतात. सुमारे एक लाख कुटुंबांना नियमित रक्कम मिळते. उरलेल्यांची बँक खाती मात्र आधीच उघडून ठेवलेली असतात. दुष्काळ ‘तीव्र’ पातळीला गेला की त्या भागातील २५ टक्के आणि ‘अतितीव्र’ झाला की ७५ टक्के कुटुंबांपर्यंत रक्कम पोहोचवायची, अशी आखणी आहे. २०१५ पासून अशी तातडीची देयके देण्यात येऊ लागली. उपग्रहाला हिरवळ दिसते, पण ती जनावरांना खाता येण्याजोगी आहे की निरुपयोगी झुडपांची, हे त्याला ओळखता येत नाही.

निर्देशांक आणि जमिनीवरील वास्तव यांतील ही तफावत किती महाग पडते, हे मलावीत दिसले. २०१५–१६ च्या हंगामासाठी मलावी सरकारने आफ्रिकी संघाशी संलग्न जोखीम-संस्थेकडून सुमारे ४७ लाख डॉलर हप्ता भरून दुष्काळ विमा घेतला. पाऊस पुरेसा पडला नाही, मका वाळला आणि सुमारे ६५ लाख लोकांना मदत लागेल, असे सरकारने जाहीर केले. संगणकीय प्रतिमानाने मात्र बाधितांची संख्या इतकी कमी काढली की भरपाई शून्य ठरली. तपासाअंती कारण निघाले ते वाणाचे : प्रतिमानात उशिरा तयार होणारा मका गृहीत धरला होता, तर बहुतेक शेतकरी लवकर येणारा मका पेरू लागले होते आणि त्याच्या नाजूक अवस्थेतच पावसाने दडी मारली होती. दुरुस्तीनंतर ८१ लाख डॉलर मंजूर झाले, परंतु तोवर २०१६ संपत आले होते. पीक बदलून शेतकऱ्यांनी स्वतःच अनुकूलन साधले होते आणि प्रतिमानाला त्याची खबर नव्हती. विम्याने थेट रोख साहाय्याची जागा घेऊ नये, त्याला पूरक असावे, या मताला या घटनेमुळे बळ मिळते.

निर्देशांकाइतकीच निर्णायक गोष्ट म्हणजे यादी. २०१३ च्या नोव्हेंबरात हैयान वादळ फिलिपाइन्सवर आदळल्यानंतर तेथील सशर्त रोख साहाय्य योजनेतील शाळा व दवाखान्यांच्या अटी तात्पुरत्या शिथिल झाल्या आणि तिच्याच यादीवरून आंतरराष्ट्रीय संस्थांनी जादा रक्कम पोहोचवली. फिजीत फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टन वादळानंतर निराधार व वृद्धांच्या योजनांतील लाभार्थ्यांना तीन महिन्यांची रक्कम एकदम मिळाली. पाकिस्तानात २०२२ च्या पुरानंतर बेनझीर उत्पन्न साहाय्य कार्यक्रमामार्फत दर कुटुंबास २५,००० रुपये देण्यात आले. तिन्ही ठिकाणी वेग वाखाणण्याजोगा होता आणि तिन्ही ठिकाणी उणीवही सारखीच : आधी गरीब म्हणून नोंदलेले आणि आपत्तीने उद्ध्वस्त झालेले लोक एकच नसतात. कालपर्यंत दारिद्र्यरेषेच्या जरा वर असलेले घर यादीत नसते.

साहाय्याने अनुकूलन खरोखर साधते का, याचा पुरावा उपभोगाविषयीच्या पुराव्याइतका विपुल नाही. निकाराग्वातील २००५–०६ चा प्रयोग म्हणूनच मोलाचा आहे. काही कुटुंबांना केवळ सशर्त रोख रक्कम, काहींना तिच्या जोडीला व्यवसाय-प्रशिक्षण, तर काहींना छोट्या धंद्यासाठी अनुदान देण्यात आले. कार्यक्रम संपून दोन वर्षांनी पाहता अवर्षणाच्या धक्क्यापासून संरक्षण मिळाले ते जोड असलेल्या दोन गटांना. नुसत्या रोख रकमेने तो टिकाऊ परिणाम दिला नाही. बांगलादेशात जमुना नदीच्या पात्रातील चरांवर (वाळू-गाळाच्या बेटांवर) २००४ ते २०१६ या काळात घरांची जोती पूरपातळीच्या वर उचलण्याबरोबरच कुटुंबांना जनावरे व भत्ता देण्यात आला, तो कार्यक्रमही याच विचाराचा.

आक्षेपही गंभीर आहेत. रोजगाराच्या कामांतून झालेले बांध व तळी देखभालीअभावी दोन-तीन पावसाळ्यांत निकामी होतात. लाभ गावाशी बांधलेला असल्याने स्थलांतर करणाऱ्यांचा तो तुटतो. वस्तुतः स्थलांतर हेच अनेकदा शहाणपणाचे अनुकूलन असते. भटक्या पशुपालकांना एका जागी स्थिरावण्यास भाग पाडणाऱ्या योजना त्यांची मूळची लवचीकता हिरावून घेतात. ठरावीक मुदतीत कुटुंबे ‘उत्तीर्ण’ करून बाहेर काढण्याचा देणगीदारांचा आग्रह पुढच्याच दुष्काळात त्यांना परत आत आणतो. आणि उत्सर्जनात नगण्य वाटा असलेल्या देशांनी हा खर्च कर्ज काढून का करावा, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर दिले गेलेले नाही.

आयपीसीसी या हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २०२२ च्या अहवालात सामाजिक संरक्षणात अनुकूलन गुंफणे अत्यंत व्यवहार्य असल्याचे उच्च विश्वासाने नमूद केले. प्रत्यक्ष व्याप्ती मात्र तोकडी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील ५२.४ टक्के लोकसंख्येला किमान एका प्रकारचे सामाजिक संरक्षण आहे. हवामान संकटाची सर्वाधिक झळ लागणाऱ्या २० देशांत हे प्रमाण केवळ ८.७ टक्के भरते.

शहरांतील असंघटित मजुरांसाठीचे प्रयोग अगदी अलीकडचे आहेत. भारतात ‘सेवा’ या स्त्री-कामगार संघटनेने २०२३ मध्ये सुमारे २१,००० सदस्यांसाठी उष्णता विमा काढला. पहिल्या वर्षी तापमान ठरवलेल्या पातळीपर्यंत न पोहोचल्याने भरपाई मिळाली नाही. २०२४ मध्ये योजना सुमारे ५०,००० स्त्रियांपर्यंत वाढवण्यात आली आणि विम्याच्या उंबरठ्याखाली ४०० रुपयांच्या थेट साहाय्याचा आणखी एक थर घालण्यात आला.