आरएक्स १००वर बंदी आलीच नव्हती

‘आरएक्स १०० पोलिसांना सापडायची नाही, म्हणून सरकारने तिच्यावर बंदी घातली.’ पंचवीस वर्षं हे ऐकतोय, आणि ते साफ खोटं आहे. १९८५ साली आलेली यामाहाची ही ९८ सीसीची मोटरसायकल १९९६ मध्ये कंपनीनेच थांबवली. त्याच वर्षी धुराचे नियम कडक झाले होते. आरएक्स १००चं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे त्यात पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, शिवाय थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. सकाळी चोक ओढून किक मारली की येणारा तो निळसर धूर आम्हा जुन्या मंडळींना प्रिय आहे, पण तो छातीला चांगला नाही, हे मान्य करायलाच हवं. बंदी म्हणाल, तर त्याच घराण्यातली आरएक्स १३५ ही टू-स्ट्रोक गाडी २००० सालानंतरही शोरूममध्ये मिळत होती.

या अफवेच्या आडून ‘बंदीची गाडी आहे, कागद होत नाहीत’ म्हणत बिनकागदाची गाडी पोरांच्या गळ्यात मारतात. पंधरा वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षं वाढते. हँडलच्या नळीवरचा चेसिस नंबर फडक्याने पुसा, आरसी बुकाशी ताडून बघा, मगच पैसे द्या. आणि पोलीस अडवतात ते कापलेल्या सायलेन्सरसाठी. मूळचा सायलेन्सर काढू नका.