व्हॅलेन्शियाची होडी आणि मिक ओ'कॉनेल

गेलिक फुटबॉलपटू मिक ओ'कॉनेल तुसडा होता, माणसांत मिसळायचा नाही, असं आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षं बोललं गेलं. मला हे पटत नाही. त्याचं घर कुठे होतं, हे आधी पाहायला हवं.

केरी परगण्याच्या पश्चिम टोकाला व्हॅलेन्शिया बेट आहे. त्याच्याच कुशीतल्या बेगिनिश या चिमुकल्या बेटावर 1937 साली मिकचा जन्म झाला. वाढला तो व्हॅलेन्शियावर. 1866 मध्ये अटलांटिकच्या तळातून अमेरिकेकडे कायमची तार गेली ती इथूनच, आणि मिकने पुढे नोकरी केली तीही त्या तार कचेरीत. बेटाला तेव्हा पूल नव्हता. केरीच्या संघाच्या सरावासाठी किलार्नीला जायचं म्हणजे आधी नाइट्सटाउनच्या धक्क्यावरून होडी सोडायची, वल्ही मारत समोरच्या रीनार्डला लागायचं आणि मग पुढचा रस्ता धरायचा. परतताना रात्रीच्या काळोखात पुन्हा तीच वल्ही.

आणि हे सगळं बिनपैशाचं. 1884 साली स्थापन झालेल्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनने हा खेळ हौशीच ठेवला. खेळाडू आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या परगण्याकडून खेळतो, पगार मात्र नोकरीतून मिळवतो. एका बाजूला पंधरा जण, चेंडू हातानेही घ्यायचा आणि पायानेही मारायचा, मिकच्या काळात आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण, जाळ्यात गेला तर तीन. मिक मधल्या फळीत खेळायचा. उंच आलेल्या चेंडूखाली नेमक्या क्षणी उडी घेऊन दोन्ही हातांनी तो हवेतच झेलायचा, खाली उतरता उतरता दिशा बघायचा आणि डाव्या-उजव्या कुठल्याही पायाने लांबवर अचूक टाकायचा. त्याचा झेल पाहिलेली माणसं आजही हात वर करून तो दाखवतात.

1959 साली अवघ्या बाविसाव्या वर्षी तो केरीचा कर्णधार होता. डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात केरीने गॉलवेला हरवलं, मिकला मात्र दुखापतीमुळे मध्येच बाहेर यावं लागलं. सॅम मॅग्वायर चषक स्वीकारला आणि त्याच संध्याकाळी तो घराकडे निघाला. चषक कपडे बदलायच्या खोलीतच राहिला, असं सांगतात. साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास आणि शेवटी वल्ही: ज्याला इतकं अंतर कापायचंय, तो मेजवानीला थांबला नाही यात नवल ते काय?

पुढे 1962, 1969 आणि 1970 अशी आणखी तीन विजेतेपदं आली. मध्ये 1964, 1965 आणि 1968 चे अंतिम सामने हातचे गेले. 1972 मध्ये पस्तिशीतही तो अंतिम फेरीत उतरला, पण फेरसामन्यात ऑफलीने केरीला हरवलं. तोवर बेटाला पूल झाला होता आणि तार कचेरी 1966 मध्येच बंद पडली होती.

1984 मध्ये संघटनेच्या शताब्दीनिमित्त शतकाचा सर्वोत्तम संघ निवडला गेला. मधल्या फळीत दोनच जागा असतात. एक मिकला मिळाली, दुसरी जॅक ओ'शेला. जॅक काहरसिव्हीनचा, म्हणजे मिकची होडी जिथे लागायची त्या रीनार्डच्या शेजारचाच.