संमतिपत्रापासून तारांकनापर्यंत : प्रदूषण नियंत्रण मंडळातील नव्या प्रयोगांची पार्श्वभूमी

पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी केला. महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ साली आला आणि त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी आजच्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली. स्टॉकहोमची पर्यावरण परिषद १९७२ ची आणि संसदेचा जल अधिनियम १९७४ चा, म्हणजे दोन्ही त्यानंतरचे. पाणी हा राज्यांच्या सूचीतला विषय असल्याने संसदेला तो कायदा राज्यांच्या ठरावांच्या आधारे करावा लागला. स्वतःचा कायदा हाती असलेला महाराष्ट्र त्यात १९८१ मध्ये सामील झाला. हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा राज्याने १९८३ मध्ये स्वीकारला. तो आधी काही निवडक भागांपुरता होता आणि १९९६ पासून संपूर्ण राज्यासाठी लागू झाला.

या कायद्यांनी मंडळाच्या हाती दिलेले मुख्य साधन म्हणजे संमतिपत्र. उद्योग उभारण्यापूर्वी एक आणि तो चालवण्यासाठी दुसरे संमतिपत्र घ्यावे लागते, आणि सांडपाणी व धूर यांच्या मर्यादा त्यातच लिहिलेल्या असतात. मर्यादा मोडणाऱ्यावर फौजदारी खटला भरण्याची तरतूद होती. पण असे खटले वर्षानुवर्षे चालत आणि तोवर कारखानाही चालत राही.

भोपाळच्या वायुदुर्घटनेने हे चित्र पालटले. त्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला, पाठोपाठ हवेच्या व पाण्याच्या कायद्यांत १९८७ आणि १९८८ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि उद्योग बंद करण्याचा, त्याची वीज व पाणी तोडण्याचा अधिकार थेट मंडळाला मिळाला. जल अधिनियमातील कलम ३३-अ आणि वायू अधिनियमातील ३१-अ ही ती कलमे. याच दुर्घटनेचा धसका घेऊन अमेरिकेनेही १९८६ मध्येच एक कायदा केला, परंतु त्याची दिशा वेगळी होती. कोणता कारखाना कोणते विषारी रसायन किती प्रमाणात बाहेर सोडतो, याची माहिती उद्योगांनी दरवर्षी द्यायची आणि सरकारने ती लोकांपुढे ठेवायची, असे बंधन त्यात घातले गेले. एकाच घटनेतून भारताने टाळे ठोकण्याचा अधिकार घेतला आणि अमेरिकेने माहिती उघड करण्याचा मार्ग धरला. आपल्याकडे हा दुसरा मार्ग रुळायला पुढे तीस वर्षे लागली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते मंडळाच्या बहुतेक अडचणींचे मूळ या तीस वर्षांतच आहे.

कारण टाळे हा टोकाचा उपाय आहे. थोड्याशा उल्लंघनासाठी शेकडो कामगारांचा कारखाना बंद करायला कोणताही अधिकारी कचरणारच, आणि बंद केलाच तरी काही आठवड्यांत तो पुन्हा सुरू करण्याचा आदेश निघतो. कारणे दाखवा नोटीस आणि बंदचा आदेश यांच्यामधली पोकळी भरून काढण्यासाठी मंडळाने उद्योगांकडून बँक हमी घेण्याची पद्धत रूढ केली. सुधारणा मुदतीत झाली नाही तर हमीची रक्कम जप्त व्हायची. कायद्यात असा स्पष्ट उल्लेख नसताना कामाच्या रेट्यातून निघालेली ही तोड होती. सरकारी खात्यातले नावीन्य पुष्कळदा असेच जन्माला येते.

दुसरी अडचण मोजमापाची होती. चिमणीतला धूर मोजायचा तर माणसाला शिडीने उंच फलाटावर चढावे लागते, चिमणीला ठेवलेल्या भोकातून नळी आत सरकवावी लागते आणि आतल्या धुराच्या वेगाइतक्याच वेगाने हवा ओढून घ्यावी लागते. वेग चुकला की कणांचे प्रमाण चुकते. आधी वजन करून ठेवलेल्या गाळणीवर जमलेली धूळ नंतर प्रयोगशाळेत पुन्हा तोलली जाते. एका नमुन्यात कित्येक तास जातात आणि हाती येतो तो त्या काही तासांपुरताच आकडा.

हा आकडा किती विश्वासार्ह असतो, याचे उत्तर शेजारच्या गुजरातने दिले. तेथे उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार उद्योगांचे पर्यावरणीय लेखापरीक्षण सुरू झाले होते. मात्र परीक्षक निवडायचा आणि त्याचे शुल्क द्यायचे, हे दोन्ही उद्योगाच्याच हाती होते. गुजरातच्या मंडळाने २००९ ते २०११ या काळात अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने अहमदाबाद आणि सुरत परिसरातील ४७३ कारखान्यांत एक प्रयोग केला. त्यांपैकी काही कारखान्यांचे परीक्षक चिठ्ठी पद्धतीने ठरवले, त्यांचे शुल्क सामायिक निधीतून दिले आणि त्यांच्या मोजणीची फेरतपासणी ठेवली. जुन्या पद्धतीच्या अहवालांनुसार धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने जेमतेम ७ टक्के होते. फेरमोजणीत ते ५९ टक्के निघाले. जुन्या अहवालांतले आकडे मर्यादेच्या जरासे खाली, दाटीवाटीने बसलेले होते. नव्या पद्धतीत परीक्षक खरे लिहू लागले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही घटले. पुढे २०१५ मध्ये गुजरातने परीक्षकांची चिठ्ठी पद्धतीने नेमणूक हाच नियम केला.

त्याच सुमारास महाराष्ट्रावरचा दबावही वाढत होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये काढलेल्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत गणले गेले, आणि डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई व तारापूर ही क्षेत्रेही गंभीर प्रदूषणाच्या यादीत आली. अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीला जानेवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. पाठोपाठ फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ प्रवर्गांतील उद्योगांना धूर व सांडपाण्याची सतत मोजणी करणारी ऑनलाइन यंत्रे बसवायला सांगितले.

या पार्श्वभूमीवर ५ जून २०१७ रोजी महाराष्ट्राच्या मंडळाने तारांकन योजना सुरू केली. शिकागो विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने आखलेल्या या योजनेत चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांच्या मोजणीवरून उद्योगाला एक ते पाच तारे मिळतात आणि ते संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. इंडोनेशियाने १९९५ मध्ये सुवर्ण ते काळा अशा पाच रंगांत कारखान्यांची प्रतवारी सुरू केली होती; तिच्याशी या योजनेचे नाते उघड आहे. वस्तुतः मंडळाने येथे नवे काही मोजायला घेतले नव्हते. कपाटांत आणि संगणकांत पडून असलेले नमुन्यांचे अहवाल एकत्र करून सामान्य माणसाला कळतील अशा रूपात मांडले, एवढेच. पण अधिकारी आणि उद्योग या दोघांतच राहणारी माहिती गावापुढे आणणे ही सरकारी कार्यालयाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. ओडिशाने पुढच्याच वर्षी तिचे अनुकरण केले. मर्यादा मात्र ठळक आहेत. तारे धूलिकणांपुरते आहेत, रासायनिक सांडपाण्याबद्दल ते काहीच सांगत नाहीत, म्हणून तारापूर किंवा लोटे परशुरामच्या खाडीकाठच्या मच्छिमाराला त्यांचा फारसा उपयोग नाही.

उत्सर्जन परवान्यांच्या खरेदी-विक्रीची, म्हणजे एकूण उत्सर्जनाची मर्यादा ठरवून तेवढेच परवाने द्यायचे आणि कारखान्यांना ते आपसांत विकू द्यायचे, ही कल्पना केंद्राने सुरुवातीला गुजरात, तमिळनाडू आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांसाठी मांडली होती. ती प्रत्यक्षात उतरली २०१९ मध्ये सुरतेला, तीही ऑनलाइन यंत्रांच्या आकड्यांवर. परवान्याचा भाव किलोला ५ ते १०० रुपयांच्या मर्यादेत ठेवला गेला आणि सहभागी कारखान्यांचे धूलिकण उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासात दिसले.

नोटीस आणि टाळे यांच्यामधली पोकळी कायद्याने भरण्यास अलीकडेच सुरुवात झाली आहे. जनविश्वास अधिनियम, २०२३ ने हवेच्या आणि पर्यावरण संरक्षणाच्या कायद्यांतील अनेक शिक्षांच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला, आणि २०२४ च्या दुरुस्तीने जल अधिनियमातही तसाच बदल केला. दिल्लीच्या मंडळाला नुकसानभरपाई वसूल करण्याचा अधिकार नाही, असे तेथील उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले होते. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मत फिरवले आणि कलम ३३-अ व ३१-अ खाली मंडळे भरपाई आकारू शकतात, बँक हमीही मागू शकतात, असा निर्णय दिला. मात्र भरपाईची तत्त्वे आणि कार्यपद्धती ठरवणारे नियम झाल्यानंतरच हा अधिकार वापरता येईल, अशी अट त्याच निकालात घातलेली आहे.