तुटलेल्या रिंगलँडचा इतिहास : जुनं टर्बो इंजिन कमी पैशांत बांधण्याची पार्श्वभूमी

गेलेलं टर्बो पेट्रोल इंजिन खोललं की एक दृश्य वारंवार दिसतं. पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली अरुंद कड, म्हणजे रिंगलँड, तुटून पडलेली असते. टर्बो फिरतोय, क्रँक शाबूत आहे, ब्लॉकला तडा नाही, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं. बहुतेक वेळा कारण एकच असतं: नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण ज्वाला पोचायच्या आत स्वतःच भडकणं. कमी पैशांत इंजिन बांधायला बसलेल्या माणसाने कुठलाही पार्ट मागवण्याआधी या नॉकिंगचा इतिहास समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण टर्बो गाड्यांमध्ये गेल्या साठ वर्षांत झालेल्या बहुतेक सुधारणा त्याच्याशीच झुंजताना झाल्या आहेत.

टर्बोची मूळ कल्पना त्याहून जुनी. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूने टर्बाइन फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या काँप्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबायची. विसाच्या दशकात ही योजना जहाजांच्या डिझेल इंजिनांवर यशस्वी झाली. डिझेलमध्ये दाबली जाते ती नुसती हवा, इंधन नंतर येतं. त्यामुळे मिश्रण वेळेआधी पेटण्याचा प्रश्नच येत नाही. विमानांची गरज वेगळी होती. १९१८ साली अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक शिखरावर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर नेलं. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो लावल्यावर ते ३५६ वर पोचलं.

गाडीच्या पेट्रोल इंजिनात मात्र हवा विरळ नसते, आणि मिश्रण आधीच दाबलेलं असतं. स्पार्कपासून ज्वाला पसरत जाते तसं उरलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, तापतं, आणि ज्वाला पोचायच्या आत स्वतःच भडकतं. त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटा पिस्टनवर हातोडीसारख्या आदळतात. धातूवरचा वायूचा पातळ संरक्षक थर फाटतो, पिस्टन तापतो आणि मऊ पडतो, आणि आधी तुटते ती रिंगलँड. काँप्रेसर ही उष्णता आणखी वाढवतो. २० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि काँप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे ११० अंशांची असते.

१९६२ साली आलेल्या ओल्ड्समोबाइल जेटफायरला हाच प्रश्न पडला. टर्बो असूनही तिचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) १०.२५ ठेवलं होतं आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर नव्हता. नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारलं जाई. टाकी रिकामी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, आपोआप कमी व्हावा अशी सोयही होती. पण लोक टाकी भरायला विसरत, गाडी मरगळल्यासारखी चाले, आणि दोन वर्षांत ती बंद झाली. कल्पना चांगलीच होती; आजही अनेक जण तोच फवारा लावतात. कमी पडलं ते नियंत्रण. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी दुसरं टोक गाठलं. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोचं कॉम्प्रेशन ६.९, तर त्यानंतर आलेल्या पहिल्या पोर्शे ९११ टर्बोचं ६.५. इंजिन वाचलं, पण बूस्ट येईपर्यंत गाडी सुस्त राही आणि मग एकदम झेप घेई.

माझ्या मते खरं वळण स्वीडनच्या साब कंपनीने दिलं. ९९ टर्बोमध्ये त्यांनी लहान टर्बो बसवला आणि वेस्टगेटने, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेने, बूस्टला मर्यादा घातली, म्हणजे रोजच्या वेगातच ताकद हाती आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवला: इंजिन नॉक करू लागलं की इलेक्ट्रॉनिक्स बूस्ट उतरवणार. इंजिनाला स्वतःचा त्रास ऐकू येऊ लागला. इंटरकूलर आणि इंधन मोजून देणारं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन याच दशकात रुळलं. रेसिंगमध्येही तोच काळ टर्बोचा होता. १९७९ साली दिजाँला रेनोने फॉर्म्युला वनमधला टर्बोचा पहिला विजय मिळवला, आणि १९८३ साली नेल्सन पिके ज्या बीएमडब्ल्यू इंजिनावर विश्वविजेते झाले, त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या ओतीव लोखंडी ब्लॉकवरूनच आलेला होता.

साधा ब्लॉक एवढं सोसतो, ही गोष्ट घरगुती बांधणीसाठी फार मोलाची ठरली. त्यात १९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपापसांत २८० अश्वशक्तीची कमाल मर्यादा पाळली. ती २००४ पर्यंत टिकली. निस्सानचं आरबी२६ आणि टोयोटाचं २जेझेड-जीटीई याच काळातली. जाड लोखंडी ब्लॉक, पिस्टनला खालून तेल फवारणारे जेट, आणि कागदावर मात्र २८०. पुढे ही आणि अशीच इतर इंजिनं कमी चाललेली, सेकंडहँड म्हणून जगभर गेली. बजेटमध्ये बांधणाऱ्याच्या वाट्याला ही शिल्लक ताकद आयती आली.

तरीही एक गोष्ट महागच राहिली होती: मोजमाप. किती हवेला किती इंधन जातंय हे नेमकं सांगणारा वाइडबँड सेन्सर दीर्घकाळ प्रयोगशाळेचा मामला होता. नव्वदच्या दशकात तो उत्पादनातल्या गाड्यांत आला आणि स्वस्त होत गेला. २००१ साली ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट आणलं, घरी सोल्डर करून जोडायचा इंजिन कंट्रोलर. याआधी हौशी माणूस स्पार्क प्लगचा रंग पाहून अंदाज बांधत असे, आणि अंदाज चुकल्याची बातमी त्याला रिंगलँडकडून कळे. माझ्यासाठी या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल हेच.

म्हणूनच कुणी विचारलं की पहिला पैसा कुठे घालू, तर मी मोठा टर्बो सांगत नाही. आधी वाइडबँड, चांगला इंटरकूलर आणि नॉकवर लक्ष ठेवायची सोय. इंटरकूलर भंगारातल्या मोठ्या डिझेल गाडीचाही चालतो, फक्त आत गळती नसावी आणि जुनं तेल धुऊन काढलेलं असावं. कंपनीचा टर्बो चांगला असेल तर तोच ठेवून थोडा बूस्ट वाढवणं पुरेसं असतं.

मशीन शॉपला मात्र काटकसर करू नये. ब्लॉक आणि हेडला फेस मारलेला नसेल, म्हणजे त्यांचे जुळणारे पृष्ठभाग मशीनवर सपाट केलेले नसतील, तर मल्टिलेअर स्टीलचा महागडा हेड गॅसकेटही टिकत नाही. सिलिंडर गोल राहिले नसतील तर नव्या रिंगा बसूनही धूर येतो. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा ऑइल कूलर पुन्हा वापरणं तर सर्वांत घातक: त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला धातूचा चुरा नव्या बेअरिंगमध्ये जातो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यालाही हाच चुरा मारतो. तेलाची परतीची नळी रुंद, सरळ उतरती हवी. ती दुमडली तर तेल सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरतं आणि दोष विनाकारण टर्बोच्या माथी येतो.

आणि रिंगेची फट, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधलं अंतर. रिंगा तापून फुगतात; फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरला घट्ट धरते आणि पिस्टन सरकताना रिंगलँड ओढून तोडते. नॉकिंग नसतानाही. ८६ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) साध्या, बिनटर्बो इंजिनात वरच्या रिंगेला साधारण ०.३४ मिलिमीटर फट पुरते. मध्यम बूस्टला ती ०.४३ च्या आसपास लागते. नेमकं माप पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवायची, फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मापक) फटीत घालायचा, बाहेर काढून बारीक कानसीने एकाच टोकाला, बाहेरून आत घासायचं, कड मोडायची, पुन्हा मोजायचं. चार सिलिंडरच्या वरच्या आणि दुसऱ्या, अशा आठ रिंगा करायला एक अख्खी संध्याकाळ जाते.