लिंकन कॉन्टिनेंटल

फोर्ड मोटर कंपनीच्या लिंकन या शाखेची अमेरिकन आलिशान मोटार. पहिली गाडी १९३९ची, शेवटची २०२०ची. मध्ये मोठे खंड पडले. या काळात नाव टिकले, गाडी मात्र वारंवार बदलली. त्यामुळे तिची वंशावळ सरळ नाही.

हेन्री फोर्ड यांचे पुत्र एड्सेल फोर्ड तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. फ्लोरिडातील सुट्टीत वापरण्यासाठी त्यांनी आरेखक यूजीन ग्रेगरी यांच्याकडून लिंकनच्याच ‘झेफर’ या गाडीवर आधारलेली एक गाडी स्वतःपुरती बनवून घेतली. घाट युरोपीय हवा होता, म्हणून नाव ‘कॉन्टिनेंटल’, म्हणजे युरोप खंडातली. पाम बीचला ती पाहून ओळखीपाळखीचे लोक तशीच गाडी मागू लागले आणि हौसेची वस्तू विक्रीला आली. लांबलचक बॉनेट, बारा सिलिंडरांचे इंजिन आणि डिकीबाहेर उभी बसवलेली स्टेपनी ही तिची ओळख. अशा स्टेपनीला अमेरिकेत आजही ‘कॉन्टिनेंटल किट’ म्हणतात. युद्धामुळे १९४२ मध्ये उत्पादन थांबले. १९४३ मध्ये एड्सेल वारले. युद्धानंतर पुन्हा निघालेली गाडी १९४८ मध्ये बंद झाली.

१९५६ची ‘मार्क २’ एड्सेल यांचे धाकटे पुत्र विल्यम क्ले फोर्ड यांच्या देखरेखीखाली तयार झाली. तिच्यावर लिंकनचे नावही नव्हते. किंमत सुमारे १०,००० डॉलर. दोन वर्षांत जेमतेम ३,००० गाड्या निघाल्या आणि कंपनीला तोटा झाला. त्यानंतरच्या मार्क ३, ४ आणि ५ (१९५८–६०) अवाढव्य होत्या. त्यांच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे थोडेच.

खरी कॉन्टिनेंटल म्हणून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती १९६१ची. एल्वुड एंगल यांचे हे आरेखन मुळात फोर्डच्याच थंडरबर्ड या गाडीसाठी होते. लिंकन बंदच करावी का, असा विचार चालू असताना फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा यांनी ते पाहिले आणि त्याची चारदारी गाडी करायला सांगितले. सपाट बाजू, क्रोमचा बेताचा वापर, आधीच्या गाडीपेक्षा सुमारे फूटभर कमी लांबी. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दोन्ही दारे कपाटासारखी उघडत. चार दारांची, टप उघडणारी आवृत्तीही होती. टप खाली घेतला की तो डिकीत घडी होऊन बसे आणि सामानाला फारशी जागा उरत नसे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली तेव्हा ते अशाच, लांबी वाढवलेल्या गाडीत होते. आश्चर्य म्हणजे तिला चिलखत आणि कायमचा टप बसवून ती पुन्हा अध्यक्षांच्या ताफ्यात आणली गेली आणि १९७७ पर्यंत वापरात राहिली. आता ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

वारशाचा घोळ झाला १९६८ मध्ये. फोर्डचे अधिकारी ली आयकोका यांनी थंडरबर्डच्या सांगाड्यावर पुढे रोल्स-रॉइसच्या धर्तीची जाळी लावून नवी दोनदारी गाडी काढली आणि तिलाही ‘मार्क ३’ म्हटले. १९५८च्या त्याच क्रमांकाच्या गाडीला जणू कुळातूनच वगळले. ही मार्क मालिका ‘मार्क ८’पर्यंत, १९९८पर्यंत चालली. तिच्या डिकीवरचा स्टेपनीचा फुगवटा मात्र नुसता शोभेचा होता. चारदारी कॉन्टिनेंटलची शाखा वेगळी वाढली. तिच्यातूनच १९८१ मध्ये ‘टाउन कार’ हे स्वतंत्र नाव निघाले. खुद्द कॉन्टिनेंटल १९८२ मध्ये लहान, तर १९८८ मध्ये पुढच्या चाकांवर चालणारी झाली आणि २००२ मध्ये बंद पडली.

२०१७ मध्ये ती परतली. २०१९ मध्ये ८० वर्षांनिमित्त जुन्या पद्धतीच्या दारांच्या ८० गाड्या काढल्या गेल्या. पण गिऱ्हाईक एव्हाना एसयूव्हीकडे वळले होते. २०२० मध्ये उत्पादन थांबले, थेट वारस न नेमता. पुढे चीनच्या बाजारासाठी लिंकनने एक सेडान काढली. तिला नाव दिले झेफर.